अर्ध्या किलोचा वेटकफ

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही फिजिओथेरपी क्लिनिकात गेलात तर भिंतीवरच्या खुंट्यांकडे एकदा पाहा. वेटकफ, म्हणजे घोट्याला बांधायचे वजनाचे पट्टे, टांगलेले असतात: अर्धा किलो, एक, दीड, दोन, तीन. अर्ध्या किलोच्या कफचा रंग उडालेला असतो, वेल्क्रो ढिला पडलेला असतो, शिवण एकदोनदा पुन्हा घातलेली असते. तीन किलोचा कफ मात्र दुकानातून आला तसा कोरा. त्या क्लिनिकात काय चालतं हे या खुंटीवरून बऱ्यापैकी कळतं. गुडघ्याचा पेशंट पहिल्या दिवशी अर्ध्या किलोने दहा वेळा पाय सरळ करतो, आणि पंधराव्या सिटिंगलाही अर्ध्याच किलोने दहा वेळा. स्नायूची ताकद वाढवायची तर वजन एवढं हवं की आठ ते बारा वेळा उचलल्यावर आणखी दोन-तीनदाच उचलता येईल, त्यापुढे नाही. दोन सेटच्या मध्ये दोनेक मिनिटं विश्रांती हवी. पेशंट शेजारच्याशी गप्पा मारत दहा आकडे पूर्ण करत असेल तर तो व्यायाम नव्हे, हजेरी आहे.

फिजिओथेरपिस्टच्या स्वतःच्या वाढीचंही असंच झालं आहे. साडेचार वर्षांचं बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालं, राज्याच्या परिषदेत नाव नोंदलं, आणि पुढची वीस वर्षं तेच वजन, तेवढेच आकडे. मध्येच एखाद्या रविवारी वर्कशॉप. तिथे मिळालेले क्रेडिट पॉइंट फाइलला लागतात आणि निरंतर शिक्षण झालं असं सगळे मिळून मानतात. मोजपट्टी इथे चुकीच्या जागी लावली आहे. हॉलमधल्या खुर्चीवर घालवलेले तास मोजू नका. थेरपिस्टची केसची वही मागा.

हे आत्ताच बोलायचं कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी 2002 च्या कायद्याने स्वतंत्र परिषद आली. मग 2021 मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपी आहे, केंद्राची आणि राज्यांची नोंदवही आहे, राज्य परिषदा आहेत. जुनी घडी मोडून नवी बसते आहे, आणि अशा वेळी लिहिला गेलेला नियम पुढे लवकर हलत नाही. व्यवसायातली चर्चा मात्र नावाआधीच्या 'डॉ.'वर अडकून बसली. सप्टेंबर 2025 मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. तो प्रश्न क्षुल्लक नाही. पेशंटची दिशाभूल होऊ नये आणि थेरपिस्टचा मानही राहावा, दोन्ही खरं. पण पाटीवर काय लिहायचं यावर जेवढा जोर लागला, त्याच्या चौथाई जोर केसपेपरवर काय लिहायचं यावर लागला असता तर बरं झालं असतं.

वर्कशॉपचं पोस्टर कसं असतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. टेपिंग, ड्राय नीडलिंग, कपिंग, मायोफेशियल रिलीज, पिलाटेस. खाली 'हँड्स ऑन', 'सर्टिफिकेट मिळेल', 'जेवणासह', आणि ठळक अक्षरात परिषदेचे पॉइंट. दोन दिवसांची फी नव्या बीपीटीच्या महिन्याच्या पगाराच्या घरात सहज जाते. वर्कशॉप वाईटच असतात असं मुळीच नाही. हाताचं कौशल्य पुस्तकातून येत नाही. मणक्याचा एकेक सांधा बोटाखाली कसा लागतो हे कुणीतरी तुमच्या बोटावर बोट ठेवूनच शिकवावं लागतं. पण चाळीस जणांच्या हॉलमध्ये एक शिकवणारा आणि एक मदतनीस असेल, तर दोन दिवसांत तुमच्या बोटावर त्याचं बोट किती वेळा येईल? फी भरण्याआधी हे विचारायला हवं: एका शिकवणाऱ्यामागे किती जण, प्रत्येकाच्या हाताला प्रत्यक्ष किती वेळ, आणि ही पद्धत कुणावर वापरायची नाही. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पैसे परत खिशात घाला.

ड्राय नीडलिंगचंच घ्या. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या ट्रॅपेझियस स्नायूत सुई घालणं सर्वांत लोकप्रिय, कारण तिथेच सगळ्यांना गाठी सापडतात. त्या स्नायूच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं, आणि ते कॉलरबोनच्याही वर येतं. स्नायू चिमटीत उचलून न धरता सुई सरळ खाली गेली, किंवा हडकुळ्या माणसाला जाड्या माणसाएवढी लांब सुई वापरली, तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. धाप आणि छातीतलं दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं, तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. सर्टिफिकेट भिंतीवर आहे, पण रात्री दहा वाजता त्याचा फोन आला तर त्याला कुठे पाठवायचं हे ठरलेलं आहे का? ते ठरवण्याला पॉइंट मिळत नाहीत.

आता मशीनकडे येऊ. "मॅडम, आज मशीन नाही लावली?" हा प्रश्न नागपूरच्या प्रत्येक क्लिनिकात रोज ऐकू येतो. "लयच दुखून राहिलं जी, थोडा शेक देऊन द्या न." पेशंटच्या लेखी फिजिओथेरपी म्हणजे शेक, आणि शेक म्हणजे उपचार. ही समजूत पेशंटने घरून आणलेली नाही, ती क्लिनिकांनी घातलेली आहे. त्यामागचं गणितही साधं आहे. चार कॉट, करंट देणारी दोन आयएफटी मशीन, ध्वनिलहरींचा शेक देणारं एक अल्ट्रासाऊंड (सोनोग्राफी नव्हे), हातात एक-दोन थेरपिस्ट. पेशंटला पंधरा मिनिटं मशीनवर ठेवलं की थेरपिस्ट मोकळा होतो, तेवढ्यात दुसरा घेता येतो. व्यायाम शिकवायला मात्र समोर उभं राहावं लागतं, आणि त्याची सिटिंगची फी तेवढीच.

कुठला उपचार द्यावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. अल्ट्रासाऊंड देऊ नका, टेन्स (करंटचंच दुसरं मशीन) देऊ नका, आयएफटी देऊ नका, ट्रॅक्शन (कंबर ओढणं) देऊ नका, पट्टा देऊ नका, असं त्यात स्पष्ट आहे. नागपुरातल्या बऱ्याच कंबरदुखीच्या पेशंटला नेमकं हेच पाच मिळतं, तेही त्याच क्रमाने. बरं, मशीन वापरायचीच तर ती तरी नीट वापरावी. अल्ट्रासाऊंडच्या डोक्यातून प्रत्यक्ष लहरी बाहेर पडतात ते क्षेत्र बहुतेक मशीनमध्ये चार-पाच चौरस सेंटिमीटर असतं. पाच मिनिटांत त्याच्या दुपटीएवढ्या जागेला कसाबसा डोस पोचतो. तेच डोकं पाच मिनिटं अख्ख्या कमरेवर फिरवलं तर कातडीला जेल लागतं, एवढंच. आयएफटीचे रबरी पॅड जुने होऊन चिरले की करंट एका बिंदूत जमतो आणि कातडी भाजते. मधुमेही पायाला शेक द्यायच्या आधी गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या लावून संवेदना तपासायची असते, डोळे मिटायला सांगून. हे बीपीटीच्या दुसऱ्या वर्षाचं शिक्षण आहे. ते विसरलं जातं, कारण ते कुणी परत विचारत नाही.

मग वाढ म्हणजे काय? गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा पेशंट घेऊ, कारण नागपुरात हा पेशंट प्रत्येकाकडे येतो.

सर्जनच्या चिठ्ठीवर 'फिजिओ, दहा दिवस' एवढंच असतं. थेरपिस्टला एक आकडा पाठ असतो: 90 अंश. गुडघा दोन आठवड्यांत 90 पर्यंत वाकला की सगळे खूश. पण हा आकडा मोजला कसा? कोन मोजायच्या गोनिओमीटरची एक पट्टी मांडीच्या बाहेरच्या बाजूने खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर. काकूंच्या साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी यांच्या वरून खुब्याचा उंचवटा अंदाजाने धरला की पट्टी सरकते आणि 80 चे 90 होतात. दोन वेगळ्या हातांनी मोजलं तर पाचेक अंशांचा फरक नुसता हाताचा असतो. म्हणून सोमवारी एकाने आणि गुरुवारी दुसऱ्याने मोजून '4 अंश सुधारणा' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. एकाच हाताने, एकाच स्थितीत, चादर पांघरून, उंचवटे बोटाने चाचपून, पेनाने खूण करून मोजायचं. याला दोन मिनिटं लागतात.

90 च्या मागे धावताना दुसरी बाजू सुटते. गुडघा पूर्ण सरळ होतो का? पहिल्या आठवड्यात घरचे मायेपोटी गुडघ्याखाली उशी ठेवतात. बरं वाटतं, दुखत नाही. उशीवर गुडघा पंधरा-वीस अंशांत वाकलेला राहतो आणि तसाच आखडू लागतो. नंतर पेशंट लंगडतो, पुढच्या मांडीचा स्नायू दिवसभर ताणलेला राहून थकतो, आणि सगळे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. उशी टाचेखाली हवी, गुडघ्याखालची जागा मोकळी, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगितलं तर पुढचा महिनाभराचा त्रास वाचतो. वाकण्याचं सांगायचं तर सपाट चालायला साधारण 65 अंश पुरतात, जिना चढायला 85 च्या आसपास, खुर्चीवरून उठायला 95 च्या आसपास. पण काकूंचा प्रश्न वेगळाच असतो: "पूजेला खाली बसता येईल का जी?" उकिडवं बसायला 130 च्या पुढे जावं लागतं, आणि बसवलेला सांधा कुठला आहे, सर्जनची परवानगी आहे का, हे त्याला विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तो फोन करणं हाही शिकण्याचाच भाग आहे. 'दहा दिवस' लिहिणाऱ्या सर्जनला दहाव्या दिवशी चार ओळींचं पत्र गेलं, की सरळ होण्यात 5 अंश कमी, वाकणं 95, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला 16 सेकंद, तर पुढच्या चिठ्ठीवर 'दहा दिवस' येत नाही. पेशंटची अवस्था पाहून ठरवा, असं येतं. मान असाच मिळतो, पाटीवरून मिळत नाही.

तीन मीटरच्या त्या चाचणीचा उल्लेख आलाच आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवरच्या खुणेपर्यंत जायचं, वळायचं, येऊन बसायचं. म्हाताऱ्या माणसाला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. होम व्हिजिटला हॉलच्या फरशीवर खडूची रेघ मारून ही चाचणी होते. चुकतं ते खुर्चीमुळे. एकदा प्लास्टिकची, पुढच्या वेळी सोफा. एकदा चप्पल, पुढच्या वेळी अनवाणी. मग 16 चे 13 झाले ते पायाने झाले की खुर्चीने, कळत नाही. खुर्ची तीच, चप्पल तीच, वेळही शक्यतो तीच. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला तीस मीटरचा सरळ पॅसेज लागतो आणि धंतोलीतल्या एकाही खासगी क्लिनिकात तो निघेल असं वाटत नाही. पंधरा मीटरमध्ये वळणंच जास्त होतात आणि अंतर कमी भरतं. ज्याच्याकडे पॅसेज नाही त्याने तीस सेकंदांत किती वेळा खुर्चीतून उठता येतं ते मोजावं. तेवढी खुर्ची सगळ्यांकडे असते.

विदर्भाचा एक प्रश्न मात्र असा आहे की तो बाहेरून आलेल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकवला जात नाही. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक रक्तविकार. इथल्या आदिवासी समाजांत आणि इतर अनेक समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याचे आणि पलीकडच्या बालाघाट, छिंदवाड्याचे पेशंट नागपूरलाच येतात. 2023 मध्ये देशभरासाठी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या. पण फिजिओथेरपीच्या केसपेपरवर 'बीपी, शुगर, थायरॉइड'च्या पुढे 'सिकलसेल' असा रकाना कितीशा ठिकाणी आहे?

का हवा, तर असं पाहा. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा गुडघेदुखी घेऊन येतो. गुडघ्याचा एक्स-रे चांगला. गुडघ्यावर शेक, अल्ट्रासाऊंड, अर्ध्या किलोचा कफ. तीन आठवडे फरक नाही. खरं दुखणं खुब्यात असतं. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडतो आणि हाड आतून मरायला लागतं. खुब्याचं दुखणं मज्जातंतूच्या वाटेने गुडघ्यात जाणवतं. पाठीवर झोपवून खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला न्या, म्हणजे खुबा आत फिरतो. ही हालचाल दुसऱ्या पायापेक्षा कमी आणि दुखरी असेल तर गुडघ्याचा नाद सोडा. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेही साफ दिसू शकतो. एमआरआयमध्ये आधी कळतं. पेशंट त्या दिवशीच हाडांच्या डॉक्टरकडे गेला पाहिजे, आणि तोवर त्या पायावर उड्या, जड वजन, ओढून ताणणं बंद. जातीवरून अंदाज बांधत बसू नये, सरळ विचारावं: तपासणी झाली आहे का? नसेल तर सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली रक्ततपासणी, कुठे होते ते सांगावं.

अशा पेशंटला घोटा मुरगळला म्हणून बर्फ लावणं हीही चूकच. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनेचा झटका सुरू होऊ शकतो. मे महिन्यात 45 अंशांत दुपारी दोनची वेळ देणं ही दुसरी चूक, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की तोच धोका. उलट अगदी स्वस्तातलं एक काम फिजिओच करू शकतो. 1995 मध्ये एका अमेरिकी अभ्यासात छातीत किंवा पाठीच्या वरच्या भागात दुखतं म्हणून भरती झालेल्या सिकलसेलच्या मुलांना आणि तरुणांना जागेपणी दर दोन तासांनी इन्सेंटिव्ह स्पायरोमीटरवर दहा खोल श्वास घ्यायला लावले, आणि फुप्फुसाच्या गुंतागुंती कमी झाल्या. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं नागपूरच्या प्रत्येक मेडिकल स्टोअरमध्ये मिळतं. ते विकत आणणं सोपं आहे. रात्रपाळीची सिस्टर आणि पेशंटची आई या दोघींना दर दोन तासांचं वेळापत्रक समजावणं अवघड आहे. त्या समजावण्याला कौशल्य म्हणतात.

दीडशे किलोमीटरच्या पलीकडून आलेल्या पेशंटचंही असंच. तो पाच दिवस राहतो, टाके काढायला एकदा येतो, मग येत नाही. त्याला दहा व्यायामांची छापील शीट देणं म्हणजे जबाबदारी झटकणं. दहापैकी तो एकही करणार नाही. तीन द्या. ओढणीचा किंवा धोतराचा फास पावलाला घालून स्वतःच गुडघा वाकवणं, टाचेखाली उशी, आणि पलंगाच्या काठावरून आधाराने उठबस. घरच्या माणसाला मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर आडवा धरून बाजूने फोटो काढायला शिकवा, दर रविवारी पाठवायला सांगा. फोटोवर कोन काढता येतो. बारीक चूक राहते, पण कल कळतो. आणि प्रत्येक दुखणं नुसत्या दुखण्याच्या यादीत टाकू नका: पोटरी एकाच पायाची सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर चालण्याचा व्यायाम नाही, आधी दवाखाना. धोक्याची ही खूण शीटच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात हवी, त्याच्या भाषेत. गोंडी बोलणाऱ्या आजीला मराठी शीट आणि इंग्रजी शीट सारखीच.

आता नव्या बीपीटीचं काय. सकाळी मनीषनगर, मग बेसा, तिथून जरीपटका, दुचाकीवर तीन-चार होम व्हिजिट, दुपारी ऊन, संध्याकाळी दुसऱ्याच्या क्लिनिकात पाच ते नऊ. पगार असा की पुढची एमपीटी ही पदव्युत्तर पदवी करावी की बँकेची परीक्षा द्यावी, हा प्रश्न दर दोन महिन्यांनी डोकं वर काढतो. या मुलांना 'वाचा, वाढा' म्हणणं सोपं आहे. सिडनीहून चालणारा पेद्रो नावाचा माहितीसाठा मोबाइलवर फुकट उघडतो, फिजिओथेरपीचे प्रयोग त्यात दहापैकी गुण देऊन लावलेले आहेत. महिन्याला एक पेपर वाचला तरी जुनं काही सोडता येतं. उदाहरणार्थ, पक्षाघाताच्या पेशंटला जितक्या लवकर आणि जितकं जास्त उठवाल तितकं बरं असं वाटत होतं. 2015 च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात पहिल्या 24 तासांत वारंवार आणि भरपूर उठवलेल्यांचे निकाल उलट थोडे वाईट आले. थोडं थोडं, अनेकदा विश्रांती देऊन, असं करावं लागतं. पण एकटं वाचणारं पोर सहा महिन्यांत थकतं. आठवड्याला एक तास सीनियरने दिला पाहिजे, तो तास पगारी असला पाहिजे, आणि त्या तासात नवा पेशंट नव्हे, बरा न झालेला पेशंट चर्चेला आला पाहिजे. मालकाला हा तास तोट्याचा वाटतो. दर सहा महिन्यांनी नवा माणूस शोधून त्याला मशीनची बटणं शिकवण्यात जाणारे तास तो कधी मोजत नाही.

म्हणून मागणी अशी. नोंदणी चालू ठेवायला जे पॉइंट लागतील त्यातले निम्मे वर्कशॉप, कॉन्फरन्स, वाचन यांना द्या. उरलेले निम्मे वहीला. वर्षाला दहा पेशंट, प्रत्येकी एक पान: पहिल्या दिवशी काय मोजलं, मध्ये काय मोजलं, शेवटी काय, आणि मध्ये उपचार कशावरून बदलला. दहापैकी निदान दोन पानं अशी, की जिथे फरक पडला नाही. ही पानं शहरातल्या दुसऱ्या दोन थेरपिस्टांनी पाऊण तास बसून वाचायची आणि सही करायची. मेडिकल आणि मेयो ही सरकारी कॉलेजं, हिंगण्याकडची कॉलेजं यांना दर महिन्याला एक खोली द्यायला फार खर्च नाही. पेशंटचं नाव नको, नंबर पुरे. फोटो असेल तर चेहरा झाकून आणि लेखी संमतीने.

आक्षेप येतील, आणि त्यातले काही खरे आहेत. स्पर्धक आपली केस वाचून पेशंट पळवेल, ही भीती. नाव नसलेल्या पानावरून पेशंट पळवता येत नाही, पण डॉक्टरांच्या रेफरन्सवर चालणाऱ्या, काही ठिकाणी कमिशनवर चालणाऱ्या बाजारात ही भीती निव्वळ खुळी नाही. वाचणारे दोघे शहराच्या दुसऱ्या टोकाचे निवडता येतील. वेळ नाही, हा दुसरा. एका पानाला अर्धा तास धरला तर वर्षाचे पाच तास होतात, एका रविवारच्या वर्कशॉपपेक्षा कमी. पाठीच्या मणक्याला इजा झालेले पेशंट, मेंदूला इजा झालेली मुलं, अशा ठिकाणी कामाचे आकडे महिनोन् महिने हलत नाहीत, त्यांचं काय? तिथे आकडा कमी आणि निरीक्षण जास्त लिहावं लागेल. एकच नमुना सगळ्यांना लादला तर वहीचंही वर्कशॉप होईल.

आणि लोक खोटं लिहितील, हा सगळ्यात जुना आक्षेप. लिहितीलच. पण खोटं पान ओळखायला येतं. त्यात वेदना आठवरून सहा, सहावरून चार, चारवरून दोन अशी सरळ उतरत जाते, गुडघा दर आठवड्याला बरोबर दहा अंशांनी वाकतो, आणि पेशंट एकही सिटिंग चुकवत नाही. खऱ्या पानावर खाडाखोड असते. पोळ्याला गावी गेले म्हणून आठवडाभर नोंद नसते. एका जागी लिहिलेलं असतं, 'वजन दीड किलो केलं, रात्री सूज आली, परत एक किलोवर'. आणि कुठेतरी असतं, 'तिसऱ्या सिटिंगनंतर आले नाहीत. फोन केला. म्हणाले, नुसता व्यायामच करवता, मशीन लावत नाही'.